अठरा दिवसांचा शिधा

मार्च १७७७. चौल.

'सार्तीन' नावाचं फ्रेंच जहाज बंदराला लागलं. त्यातून उतरलेला सेंट ल्युबिन स्वतःला फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणवत होता. मे महिन्यात पुण्यात त्याचं मानाने स्वागत झालं. पेशव्यांचा कारभार पाहणाऱ्या नाना फडणविसांपुढे त्याने देऊ केलं ते असं: २,५०० गोरे सैनिक, कवायत शिकवून तयार केलेले १०,००० शिपाई आणि हवा तेवढा दारूगोळा. नजर होती ती चौल बंदरावर.

पुण्यातला इंग्रजांचा वकील टॉमस मॉस्टिन हे सगळं पाहत होता. त्याची पत्रं मुंबईला जात होती.

ल्युबिनचा दारूगोळा कधीच आला नाही. पुढच्या वर्षी तो स्वतःही पुण्यातून गेला. नानांनी त्याच्यावर विश्वास ठेवला होता, की इंग्रजांसमोर नुसतं बुजगावणं उभं केलं होतं? मला दुसरी शक्यता अधिक पटते. इंग्रज कंपनीच्या मुंबई कौन्सिलाने मात्र न आलेल्या या तोफा आल्याच असं धरून हिशेब मांडला.

१७ ऑक्टोबर १७७७. साराटोगा, अमेरिका.

इंग्रजांच्या जनरल बर्गॉइनने जवळपास ६,००० माणसांसह शस्त्रं खाली ठेवली. अवजड तोफा आणि सामानाचा पसारा घेऊन तो जंगलातून संथपणे पुढे सरकला होता. मागची वाट तुटली, शिधा संपत आला, आणि मग वाटाघाटीखेरीज काही उरलं नाही. समोरच्या अमेरिकनांकडची बरीचशी बारूद फ्रान्समधून आली होती. नाटककार बोमार्शेने त्यासाठी एक खोटी व्यापारी पेढी उघडली होती.

फ्रेंच बारूद परक्या भूमीवर काय करू शकते, याचा हा ताजा दाखला होता. कूर्मगतीने चालणाऱ्या फौजेचं काय होतं, याचाही होता. मुंबईने पुढच्या वर्षी जे केलं ते पाहता तिने पहिला धडा घेतला, दुसरा घेतला नाही.

१७७८ चा पावसाळा. पुणे.

मुंबईकरांची भिस्त पुण्यातल्या मोरोबा फडणविसाच्या नानाविरोधी पक्षावर होती. पेशव्यांच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांना घेऊन पुण्यावर चालून जाताना हे लोक आतून दार उघडतील, असा अंदाज होता. जुलैमध्ये नानांनी मोरोबाला कैद केलं. दार आतून उघडणारा माणूसच गेला.

मोहीम रद्द झाली नाही.

बंगालहून मदतीला एक फौज निघालेली होती. कर्नल लेस्ली वाटेतच वारला आणि कर्नल गॉडर्डने ती हाती घेतली. डिसेंबरच्या सुरुवातीला ती होशंगाबादला नर्मदा ओलांडत होती. मुंबई तिच्यासाठी थांबली नाही.

२२ नोव्हेंबर १७७८. मुंबई.

कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट सहा ग्रेनेडियर कंपन्या आणि हलक्या तोफा घेऊन निघाला. हे सगळे देशी शिपाई होते.

२५ नोव्हेंबर. बोरघाट.

स्ट्युअर्टने घाट घेतला आणि खंडाळ्यात ठाणं दिलं. विरोध झाला नाही.

ही पहिली सूचना होती. घाटात शंभर माणसंसुद्धा फौज अडवू शकतात. तिथे कुणीच नसेल, तर वर येऊ देण्यातच कुणाचं तरी हित असावं.

डिसेंबर. पनवेल ते खंडाळा.

मुख्य फौज मागून आली. एकूण ३,९०० माणसं. त्यांत ५९१ गोरे आणि २,२७८ शिपाई, बाकीचे तोफखान्याचे मदतनीस आणि इतर. तोफा चढवायला घाटात रस्ता करावा लागला. सोबत सामानाचे बैल होते. त्यांचा आकडा या गोष्टीत पुन्हा येणार आहे: १९,०००. म्हणजे दर लढवय्यामागे सहाहून अधिक बैल.

फौजेचा हुकूम एका माणसाच्या हाती नव्हता. मुंबई कौन्सिलाने तिघांची समिती नेमली होती: जॉन कार्नॅक, कर्नल चार्ल्स एजर्टन आणि मॉस्टिन. एजर्टन सेनापती, पण हिंदुस्थानात नवखा आणि प्रकृतीने खालावलेला. कार्नॅकने बंगालमध्ये फौज चालवली होती आणि ते तो विसरला नव्हता. पुणं डोळ्यांनी पाहिलेला, तिथली माणसं ओळखणारा एकटा मॉस्टिन होता.

मॉस्टिन आजारी पडून मुंबईला परतला.

२३ डिसेंबर. खंडाळा.

सगळी फौज घाटमाथ्यावर आली. इथून पुण्याकडे उतार सौम्य, जमीन मोकळी, हंगाम कोरडा. नेटाने चाललं तर चार-पाच मुक्कामांची वाट.

एजर्टनने फौजेचे दोन भाग केले आणि एकेक भाग जपून पुढे सरकवायला सुरुवात केली. रोजची चाल पाऊण मैल भरली. पाऊण मैल म्हणजे आजच्या मापाने सव्वा किलोमीटरही नाही. खंडाळा ते कार्ला हे आठ मैल कापायला अकरा दिवस लागले.

पुण्याला हे अकरा दिवस मिळाले. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांच्या फौजा जमल्या. भिवराव पानसे तोफखाना घेऊन पुढे होते. मराठ्यांनी समोरासमोर लढाई दिली नाही. तोफा डागायच्या, बाण सोडायचे, इंग्रज चालून आले की मागे हटायचं. हटताना वैरण जाळायची आणि दाणा उचलून न्यायचा. १९,००० बैलांना रोज काय लागतं, हे मावळातल्या कुठल्याही शेतकऱ्याने सांगितलं असतं.

३१ डिसेंबर.

वाटेवरच्या चकमकीत लेफ्टनंट कर्नल के जबर जखमी झाला. त्यातून तो वाचला नाही.

१ जानेवारी १७७९. मुंबई.

मॉस्टिन वारला. समितीत दोघं उरले.

४ जानेवारी. कार्ला.

तोफेच्या गोळ्याने स्ट्युअर्ट ठार झाला. शत्रूचा अंदाज घ्यायला तो झाडावर चढला होता, असं मावळात सांगतात. बिनीचा हा अधिकारी इतका धाडसी होता की ज्यांच्या गोळ्याने तो पडला त्यांनीच त्याला 'इष्टुर फाकडा' म्हणून लक्षात ठेवलं. वडगावात त्याची समाधी आहे.

पाच दिवसांत फौजेने तीन माणसं गमावली: वाट ओळखणारा एक आणि फौज पुढे खेचणारे दोन.

६ जानेवारी.

एजर्टनने आजारपणामुळे सेनापतिपद सोडलं. सूत्रं लेफ्टनंट कर्नल विल्यम कॉकबर्नकडे आली. एजर्टन मुंबईला जायला निघाला, पण जाऊ शकला नाही. मागची वाट मराठ्यांच्या घोडदळाने तोडली होती. तो छावणीत परतला आणि समितीत पुन्हा बसला.

मुंबईशी संबंध तुटला आहे हे समितीला कुठल्या हेराकडून कळावं लागलं नाही. तिचा एक सभासदच ते पाहून आला होता.

राघोबादादा फौजेबरोबर होते. त्यांच्या नावाने एकही मोठा सरदार येऊन मिळाला नव्हता.

९ जानेवारी. तळेगाव.

गावापुढे मराठी फौज उभी दिसली. इंग्रजांनी हल्ल्यासाठी रांगा धरल्या, तशी ती बाजूला झाली. इंग्रज तळेगावात शिरले. गाव जळालेलं होतं. दाणा नाही, वैरण नाही. पुढे चिंचवड जाळायचं ठरलंय, वेळ आली तर पुणंही, अशी बातमी आली.

पुणं १८ मैलांवर होतं. छावणीत १८ दिवस पुरेल एवढा शिधा होता.

या दोन आकड्यांपाशी थांबलं पाहिजे. कार्ल्यापर्यंतच्या चालीने गेलं तरीसुद्धा १८ मैलांना २४ दिवस लागले असते, म्हणजे शिधा सहा दिवस आधी संपला असता. पण त्या चालीने जायची सक्ती कुणी केली नव्हती. रोजचे सहा मैल धरले, तर तीन मुक्कामांत मुठेचा काठ आला असता आणि पंधरा दिवसांचा शिधा शिल्लक राहिला असता. तळेगावात ९ तारखेला टंचाई नव्हती. टंचाईची भीती होती.

११ जानेवारी, दिवसा.

समिती बसली. परत फिरावं, असं कार्नॅकने मांडलं. कॉकबर्नला विचारलं. त्याचं म्हणणं असं: फौज पुण्याला नेता येईल याबद्दल शंका नाही, पण १९,००० बैल आणि त्यांवरचं सामान सांभाळण्याची हमी देता येणार नाही.

उत्तरात पर्याय होता. बैल टाका, पुणं घ्या. तो कुणी उचलला नाही.

राघोबादादांनी थोडं थांबायची विनंती केली. कॅप्टन जेम्स हार्टलेनेही थांबायचा सल्ला दिला. इथूनच बोलणी लावावीत, माघार घेऊ नये. स्ट्युअर्टच्या पश्चात त्या ग्रेनेडियर कंपन्या याच्याच हाताखाली होत्या. समितीने ऐकलं नाही. त्या रात्रीच निघायचं ठरलं.

पलीकडच्या छावणीत महादजी होते. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर त्यांच्या पायाला जखम झाली आणि ते जन्माचे लंगडे झाले. नाना फडणवीसही पानिपतावरून कसेबसे जीव वाचवून आले होते. तोफखाना मोठा, बुणगे अमाप, मागची वाट तुटलेली आणि दाणा संपलेला, अशी फौज कशी मोडते हे दोघांनी आतून अनुभवलं होतं. त्याला येत्या तीन दिवसांनी १८ वर्षं पूर्ण होणार होती. मुंबईच्या समितीत असं काही पाहिलेला माणूस नव्हता.

११ जानेवारी, रात्री ११.

अवजड तोफा तळेगावच्या मोठ्या तलावात ढकलल्या. घाटातला रस्ता याच तोफांसाठी केला होता. नेता न येणारा साठा पेटवला.

माघार गुपचूप व्हायची होती. वद्य पक्ष होता, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार होता, तेव्हा अंधाराचा हिशेब बरोबर होता. पण जळणारा साठा त्याच अंधारात कोसभर दिसतो, आणि हजारो बैल मुकाट चालत नाहीत. भोवती मराठ्यांची फौज होती. इंग्रजी इतिहासात तिचा आकडा ५०,००० दिला जातो.

१८ दिवसांच्या शिध्याचा हिशेब इथे संपला. जे जाळलं ते गेलं. जे बैलांवर होतं ते आता बैल किती वेळ टिकतात यावर होतं.

१२ जानेवारी, पहाटे २ च्या आधी.

बिनीवर गोळीबार झाला. जायच्या वाटेवर शत्रू आधीच येऊन बसला होता.

थोड्याच वेळात चंदावलावर हल्ला झाला. सामान लुटलं जाऊ लागलं. बैल हाती लागले की आख्खी फौज हाती लागते, हे हल्ला करणाऱ्यांना ठाऊक होतं.

पिछाडीला हार्टले होता, सहा ग्रेनेडियर कंपन्यांसह.

उजाडताना.

अंधार गेला आणि दोन्ही बाजूंना एकमेकांचं बळ दिसलं. इंग्रजांना आपण चहूकडून वेढले गेलो आहोत हे दिसलं. मराठ्यांना पिछाडीवर किती थोडी माणसं आहेत हे दिसलं. हल्ला जोरात सुरू झाला. पायदळ समोरून, घोडदळ बाजूंनी, शिवाय तोफा आणि बाण. हार्टलेच्या कंपन्या हलल्या नाहीत. मुख्य फौजेतून त्यांच्या मदतीला आणखी तुकड्या आल्या.

सकाळी १०.

हार्टलेला हुकूम आला: मागे सरून मुख्य फौजेला मिळा.

त्याने उलट निरोप धाडला. शिपाई आत्ता जागा धरून आहेत. पाठ फिरवली की मोडतील, आणि पिछाडी मोडली की शत्रू थेट बैलांवर आणि बुणग्यांवर जाईल. त्या सकाळी त्या वाटेवर दिलेला बहुधा हाच एक शहाणा सल्ला होता. हे शिपाई कंपनीचा पगार घेत, पण त्या दिवशी ते हार्टलेसाठी लढले असावेत.

पिछाडी मागे सरली, तरी ती रांगा सांभाळून सरली.

दुपारी ४.

मुख्य फौज वडगावात पोचली. तळेगाव ते वडगाव जेमतेम पाच-सहा किलोमीटर. रात्री ११ ते दुपारी ४, म्हणजे १७ तास.

बुणग्यांची झुंबड गावात आधी घुसली. गल्ल्या माणसांनी आणि जनावरांनी भरल्या. घोडदळ त्यांच्यात शिरलं. शिपायांना आपल्याच लोकांच्या गर्दीतून वाट काढून रांगा लावाव्या लागल्या. हल्ला परतवला, गावाच्या कडेला तोफा लावल्या. या तोफा हलक्या होत्या. जड तोफा तळेगावच्या पाण्यात होत्या.

पुण्यावर चालून आलेली फौज आता एका खेड्यात बसली होती. चार-पाच दिवसांपूर्वी हीच फौज या बाजूने पुण्याकडे गेली होती.

१३ जानेवारी, सकाळ.

रात्रीत मराठ्यांनी तोफा आणून ठेवल्या होत्या. उजाडताच त्या वडगावावर सुरू झाल्या.

मोजदाद झाली: मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून ३५२. त्यांत १५ गोरे अधिकारी होते. २,८०० च्या लढाऊ फौजेत हा आकडा मोडून टाकणारा नव्हे. या फौजेला मोडलं ते पुढच्या हिशेबाने. अन्न किती, दारूगोळा किती, बैल किती, शिपाई किती दिवस टिकतील. पुढे माघार घेणं अशक्य आहे, असं कॉकबर्नने सांगितलं. हार्टलेने बाहेर पडायची एक योजना मांडली. ती स्वीकारली गेली नाही.

समितीचा सचिव विल्यम फार्मर बोलणी करायला पलीकडे गेला. पहिली मागणी एकाच माणसाची होती: राघोबादादा द्या.

१४ जानेवारी.

राघोबादादांना देण्याइतपत समिती तयार झाली होती. तशी वेळ आली नाही. त्यांनी स्वतःच महादजींशी संधान बांधलं आणि त्यांच्या स्वाधीन झाले. ज्यांच्यासाठी फौज घाट चढली होती, ते फौज वेढ्यात असतानाच तिच्यातून निघून गेले.

तह करायचा आम्हाला अधिकार नाही, असं समितीने कळवलं. मग कर्नल अप्टनने पुरंदरला केलेला १७७६ चा तह मोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला होता, अशी उलट विचारणा महादजींकडून आली. त्याला समितीकडे उत्तर नव्हतं.

१६ जानेवारी. वडगाव.

करार झाला. १७७३ नंतर इंग्रजांनी घेतलेला मुलूख परत. त्यात मुंबईलगतची साष्टीही आली. गॉडर्डच्या बंगाली फौजेने माघारी फिरायचं, तसा हुकूम कार्नॅकने लिहून द्यायचा. भरूच शिंद्यांना देण्याचं खासगी वचन, शिवाय त्यांच्या नोकरांना ४१,००० रुपये. ओलीस म्हणून फार्मर आणि लेफ्टनंट चार्ल्स स्ट्युअर्ट.

या कागदात फ्रेंचांविषयी काही नव्हतं. चौलला एकही फ्रेंच तोफ उतरली नव्हती, उतरणारही नव्हती.

१७ जानेवारी.

फौज मुंबईच्या वाटेला लागली. ओलीस मागे राहिले.

घाट उतरताच समितीने पहिलं काम केलं ते पत्र पाठवण्याचं: गॉडर्डला दिलेला माघारीचा हुकूम तूर्त स्थगित. २५ फेब्रुवारीला गॉडर्ड सुरतेला पोचला. मुंबईला तिने ज्या फौजेची वाट पाहिली नव्हती ती फौज मिळाली.

मुंबई कौन्सिलाने आणि कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जने वडगावचा करार नाकारला. कारण तेच दिलं, जे समितीने महादजींना आधी सांगितलं होतं: समितीला तसा अधिकारच नव्हता. विलायतेतल्या संचालकांनी कार्नॅक, एजर्टन आणि कॉकबर्न यांना नोकरीतून काढलं. हार्टलेला बढती मिळाली. युद्ध आणखी तीन वर्षं चाललं. १७ मे १७८२ ला सालबाईला तह झाला, तो घडवून आणणारे होते महादजी शिंदे. त्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली.